जुना टीव्ही आणि ‘आणखी दोन वर्षं थांबू’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात बारा वर्षांचा, ४० इंची, फुल एचडी एलसीडी टीव्ही आहे. चालू आहे, पण खालचा डावा कोपरा काळवंडायला लागलाय. बसायची जागा पडद्यापासून साधारण अडीच मीटरवर. दिवसभर आई बातम्या बघते, रात्री तुम्ही सिनेमे बघता. टीव्ही बदलायची तयारी आहे. पण मायक्रोएलईडी येतंय, क्वांटम डॉटचे स्वतः उजळणारे पडदे येताहेत, लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांचा बॅकलाइट (एलसीडी पडद्यामागचा उजेड) आलाय, हे सगळं वाचून हात अडतोय. दोन-तीन वर्षं थांबावं का?

मी सत्तावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन मीटर लावून पडद्याचे रंग आणि प्रकाशही जुळवून देतो. माझं उत्तर आधीच सांगतो: मायक्रोएलईडीसाठी थांबू नका, क्वांटम डॉटच्या पडद्यासाठी तर मुळीच नको. नव्या बॅकलाइटसाठी थांबायचंच असेल तर काही महिने थांबा, वर्षं नको. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण मी स्वतः एकदा चार वर्षं चुकीच्या गोष्टीची वाट पाहिली आणि माझ्या शब्दावर इतरांनीही पाहिली.

तेव्हा ‘एसईडी’ नावाच्या पडद्याची फार चर्चा होती. कॅनन कंपनीनं त्यावर १९८६ सालीच काम सुरू केलं होतं, १९९९ मध्ये तोशिबा सोबत आली आणि २००४ मध्ये दोघांनी मिळून त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. कल्पना सुंदर होती. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये मागे बसवलेली एक इलेक्ट्रॉन गन सगळा पडदा रंगवते, म्हणून ट्यूब एवढी खोल लागते. एसईडीत प्रत्येक पिक्सेलच्या मागे स्वतःचा बारीकसा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. म्हणजे ट्यूबचा काळा रंग, ट्यूबची चपळ हालचाल, आणि जाडी मात्र फोटो फ्रेमएवढी. २००६ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात तो पडदा लोकांनी पाहिला आणि ज्यांनी पाहिला ते भारावून परतले. त्या काळातले एलसीडी बघितले की काळ्याच्या जागी राखाडी दिसायचं आणि चेंडू धावला की मागे शेपूट उमटायचं. मी ठरवलं, घ्यायचा तर एसईडीच.

उत्पादनाची तारीख पुढे पुढे जात राहिली. एका अमेरिकन कंपनीशी परवान्यावरून खटला सुरू झाला, तोशिबा बाहेर पडली, २००७ मध्ये बाजारात यायचा बेत बेमुदत पुढे गेला. तिकडे एलसीडी दर वर्षी स्वस्त आणि मोठे होत होते. एसईडीला पाय ठेवायला जागाच उरली नाही. २०१० मध्ये ती कंपनी गुंडाळली गेली. घरगुती टीव्ही म्हणून एकही एसईडी संच विकला गेला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तसं झालं.

मला याचं दुःख टीव्हीसाठी नाही. त्या चार वर्षांत माझ्या वडिलांची नजर अधू होत गेली. ते २१ इंची ट्यूबसमोर खुर्ची पुढे ओढून मॅच बघायचे आणि धावफलक आम्हाला वाचून दाखवायला सांगायचे. पायोनिअरचे ‘कुरो’ प्लाझ्मा २००७ मध्ये आले होते. आजही त्यांच्या काळ्या रंगाचं नाव काढलं की जुने मेकॅनिक मान डोलावतात. मी तो घेऊ शकलो असतो. ‘दोन वर्षांत याहून चांगलं येतंय’ म्हणून घेतला नाही. २००९ च्या फेब्रुवारीत पायोनिअरनं टीव्हीचा धंदा सोडायचं जाहीर केलं. मी शेवटी २०१० मध्ये मोठा पडदा आणला, तेव्हा वडिलांना रंग कळत होते, अक्षरं नाही. म्हणून कुणी ‘थांबू का’ विचारलं की मी आधी विचारतो, घरात बघणारं कोण आहे?

आता तंत्रज्ञानाकडे येतो. प्रदर्शनात एक पडदा उजळून दाखवणं आणि कारखान्यात रोज हजारो पडदे एकसारखे काढणं यांत फार मोठं अंतर असतं. वाट पाहायची तर ज्या गोष्टीनं ते अंतर पार केलंय तिचीच. ओएलईडीचं पाहा, म्हणजे ज्यात सेंद्रिय (कार्बनी) पदार्थाचे पिक्सेल स्वतःच उजळतात त्या पडद्याचं. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कमी व्होल्टेजवर चालणारा सेंद्रिय दिवा दाखवला. दुकानात विकला गेलेला पहिला ओएलईडी टीव्ही आला २००७ च्या अखेरीस, सोनीचा, आणि तो अवघा ११ इंची. ५५ इंची आला २०१३ मध्ये, एलजीकडून. त्याच वर्षी सॅमसंगनंही ५५ इंची काढला, पण लवकरच हात आखडता घेतला आणि नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, वेगळ्या पद्धतीचा पडदा घेऊन परत आली. प्रयोगशाळेतून बैठकीच्या खोलीत यायला सव्वीस वर्षं, आणि हे यशस्वी झालेल्या तंत्रज्ञानाचं उदाहरण.

मायक्रोएलईडीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन अतिसूक्ष्म दिवे असतात. बॅकलाइट नाही, सेंद्रिय पदार्थ नाही, त्यामुळे पडद्यावर कायमचा डाग उमटायची भीती जवळपास नाही. सोनीनं २०१२ मध्येच असा ५५ इंची पडदा दाखवला होता; त्यात साठेक लाख दिवे होते. सॅमसंगनं २०१८ मध्ये १४६ इंचांची भिंत दाखवली. आकार लहान न होता वाढत का गेला, याचं उत्तर सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. ४के पडद्यात ८२,९४,४०० पिक्सेल असतात, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी दिवे. ते एका चकतीवर तयार होतात आणि तिथून उचलून पडद्याच्या काचेवर बसवावे लागतात. समजा, हे काम ९९.९९ टक्के अचूक झालं. ऐकायला उत्तम. तरी अडीच हजारांच्या आसपास ठिपके मेलेले निघतील. ९९.९९९९ टक्क्यांपर्यंत पोचलात तरी पंचवीसेक उरतात आणि ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागतात. त्यात पडदा लहान केला की दिवे आणखी बारीक करावे लागतात, आणि दिवा बारीक झाला की त्याच्या कडांशी ऊर्जा वाया जाण्याचं प्रमाण वाढतं. लाल दिव्याला हा त्रास सगळ्यात जास्त. म्हणजे तुमच्या भिंतीला शोभेल असा ५५ इंची मायक्रोएलईडी हा १४६ इंचीपेक्षा बनवायला अवघड. म्हणूनच मायक्रोएलईडी मोठ्या सभागृहात, दुकानांच्या दर्शनी भागात दिसतं आणि ते तिथे खरंच देखणं दिसतं. तुमच्या खोलीसाठी त्याची वाट पाहू नका.

क्वांटम डॉटबद्दल गोंधळ फार आहे, कारण एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. क्वांटम डॉट म्हणजे कण, आणि ते इतके सूक्ष्म असतात की कणाचा आकार बदलला की त्यातून निघणारा रंग बदलतो. या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज दुकानात ‘क्यूएलईडी’ लिहिलेला टीव्ही म्हणजे साधा एलसीडीच. फक्त निळ्या बॅकलाइटपुढे या कणांचा पातळ थर असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा अधिक शुद्ध मिळतो. २०२२ मध्ये आलेल्या ‘क्यूडी-ओएलईडी’त निळा ओएलईडी प्रकाश देतो आणि हे कण त्याचा लाल-हिरवा करतात, हाही खरेदी करता येतो आणि चांगला आहे. तुम्ही ज्याबद्दल वाचलंत तो तिसरा प्रकार: कणांनाच वीज द्यायची आणि त्यांनाच उजळवायचं. शार्पनं २०२४ मध्ये असे नमुने दाखवले. पण निळ्याचं काय?

निळ्याची ही अडचण पडद्याच्या धंद्यात जुनी आहे. निळ्या प्रकाशाचा कण लाल-हिरव्यापेक्षा जास्त ऊर्जेचा असतो आणि तीच ऊर्जा तो निर्माण करणाऱ्या पदार्थाला हळूहळू झिजवते. साध्या एलईडीतला निळा दिवादेखील लाल-हिरव्यानंतर कित्येक वर्षांनी, १९९० च्या दशकात कामाचा झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. ओएलईडीत लाल आणि हिरव्यासाठी जी कार्यक्षम पद्धत रुळली, तिच्यात सैद्धांतिकदृष्ट्या सगळ्या विजेचा प्रकाश होऊ शकतो. जुन्या पद्धतीत फक्त २५ टक्क्यांचा. तशा पद्धतीचा टिकाऊ निळा मिळवायला लोक वीस वर्षांहून अधिक काळ झटताहेत. उजळणाऱ्या क्वांटम डॉटमध्येही कॅडमियम हा विषारी धातू न वापरता बनवलेला निळाच आधी दम टाकतो. म्हणून नव्या पडद्याची बातमी वाचली की मी एकच शोधतो: निळा किती तास टिकला? त्याचा उल्लेख नसेल तर ती बातमी बाजूला ठेवतो.

राहिला लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांचा बॅकलाइट. याची गोष्ट निराळी, कारण हे खरोखर दुकानात आलंय. २०२५ मध्ये हायसेन्सनं ११६ इंची आणि सॅमसंगनं ११५ इंची संच आणले, सोनीनंही आपली पद्धत दाखवली. नवलाईची म्हणून सांगितली जाणारी ही कल्पना मात्र जुनी. सोनीच्या २००४ मधल्या ‘क्वालिया ००५’ या टीव्हीत पांढऱ्या दिव्यांऐवजी लाल, हिरवे, निळे एलईडीच मागे होते. २००८ च्या ‘एक्सबीआर८’मध्ये ते भागाभागानं मंदही होत होते. तो टीव्ही मी एकदा दुरुस्तीला उघडला होता; आतली मांडणी बघून हात थबकले होते माझे. मग ही पद्धत मागे पडली, कारण निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन पांढरा प्रकाश काढणं फार सोपं आणि स्वस्त होतं. आता दिवे बारीक झाले, त्यांना सांभाळणाऱ्या चिप वेगवान झाल्या, म्हणून ती परतली.

हिचा फायदा खरा आहे: रंग बॅकलाइटमध्येच शुद्ध तयार होतो आणि गडद रंगही उजळ राहतात. पण हा शेवटी एलसीडीच आहे. पुढे त्र्याऐंशी लाख पिक्सेल आणि मागे स्वतंत्रपणे उजळणारे-मंदावणारे फार तर काही हजार भाग. एका भागात लाल फूल आणि शेजारी हिरवं पान आलं, तर त्या भागाला दोन्ही दिवे लावावेच लागतात आणि शुद्धतेचा फायदा तिथे घटतो. काळ्या आकाशातल्या चांदण्यांभोवती धुरकट वलय दिसतं, तेही यामुळे पूर्णपणे जात नाही. पहिले संच अवाढव्य आकाराचे निघाले हेही ध्यानात घ्या. हे तंत्र लहान आकारात उतरायला वेळ कमी लागेल, कारण यात नवीन पडदा नाही, फक्त मागची व्यवस्था नवी आहे. म्हणून म्हटलं, काही महिने थांबलात तर ते वाया जाणार नाहीत. न थांबलात तरी फार काही गमावणार नाही. मापाच्या मीटरवर फरक दिसेल, तुमच्या बातम्यांत आणि बहुतेक सिनेमांत तो शोधावा लागेल.

थांबणं नेहमीच चूक, असं मात्र माझं म्हणणं नाही. २०१० मध्ये थ्रीडीच्या नादानं ज्यांनी चांगला टीव्ही काढून टाकला, त्यांचे चष्मे कपाटात पडून राहिले आणि २०१७ पर्यंत शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही ती सोय काढून टाकली. २०१३-१४ मधल्या वक्र पडद्यांचं तेच. अशा वेळी जुन्याला धरून बसणारे शहाणे ठरले. ८केच्या (४केच्या चौपट पिक्सेलच्या) बाबतीत मी आजही लोकांना अडवतो, आणि त्याचं कारण तुमच्या खोलीच्या मापातच आहे.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं. तुमच्या ४० इंची फुल एचडी पडद्यावरचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी रुंद आहे. तो सुटा दिसायला तुम्हाला सुमारे १.६ मीटरपेक्षा जवळ बसावं लागेल; तुम्ही अडीच मीटरवर बसता. म्हणजे आहे तो बारकावाच तुमच्या डोळ्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. त्याच जागी ४० इंची ४के लावला तर बारकाव्यात काडीचा फरक दिसणार नाही. ५५ इंची घेतलात तरी फुल एचडी आणि ४के यांतला फरक २.२ मीटरच्या आत कळायला लागतो. तुमच्या अंतरावर ४के खऱ्या अर्थानं कामाला येतं ते ६५ इंचांपासून. आणि ८के? ६५ इंची पडद्यावर त्याचा फायदा बघायला १.३ मीटरवर जाऊन बसावं लागेल. तिथे कुणी बसत नाही.

मग नवा टीव्ही घेऊन मिळणार काय? आकार, काळा रंग आणि उजेडाची झेप. ४० वरून ५५ इंचांवर गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास १.९ पट होतं. तुमच्या आईला बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं वाचताना याचा जो फरक पडेल तो कुठल्याही नव्या तंत्रानं पडणार नाही. दुसरं, तुमचा बारा वर्षांपूर्वीचा टीव्ही एचडीआरच्या, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रात दाखवणाऱ्या तंत्राच्या, आधीचा आहे. आजचे बरेच सिनेमे एक हजार निटपर्यंतच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेडासाठी रंगवले जातात आणि तुमचा संच त्याच्या आसपासही पोचत नाही. सूर्यास्त, दिव्यांचा झगमगाट, अंधारातला मेणबत्तीचा प्रकाश हे सगळं तो सपाट करून दाखवतो. हा फरक आजच्या मध्यम प्रतीच्या चांगल्या संचातही दिसतो. तुम्ही ज्याची वाट पाहताय त्यातला मोठा हिस्सा आधीच आलेला आहे.

आता तुमच्या काळवंडलेल्या कोपऱ्याबद्दल. निर्णयाची घाई करण्याआधी एवढं तपासा. पूर्ण पांढरं चित्र पडद्यावर लावा आणि खोलीत अंधार करा. कोपरा नुसता मंद आहे की पिवळट? तुमच्या काळातले पातळ एलसीडी बहुधा कडेनं उजळणारे असतात. कडेला बसवलेल्या दिव्यांच्या पट्टीच्या टोकाचे काही दिवे गेले की त्या बाजूला काळोख येतो. प्रकाश पसरवणारी प्लॅस्टिकची पाटी उष्णतेनं पिवळी पडली असेल तर रंग बदललेला दिसतो. पट्टी बदलता येते. पाटी पिवळी पडली असेल तर सोडून द्या. मागून उजळणारा संच असेल आणि पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील, तर दिव्यावरचं छोटं भिंग गोंद सुटून खाली पडलंय असं समजा. काम किरकोळ आहे, पण पडदा उघडावा लागतो आणि तो उघडताना काच तडकण्याचा धोका असतोच.

पट्टी बदलायची ठरलीच तर सगळ्या पट्ट्या एकदम बदलून घ्या. एकच नवी टाकली की शेजारच्या जुन्या काही महिन्यांत जातात आणि पुन्हा तोच खर्च. आवाज येतोय, चित्र नाही, अशी वेळ आली तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पडदा शाबूत आहे, फक्त उजेड गेलाय. टीव्ही सुरू व्हायला वेळ लागत असेल, टिकटिक आवाज करून परत बंद होत असेल, तर वीज पुरवणाऱ्या सप्लाय बोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) पहिल्यांदा बघायचे. हे काम तासाभराचं. उभ्या रेषा आल्या, विशेषतः दाबल्यावर कमी-जास्त होणाऱ्या, तर पॅनलला जोडणाऱ्या पट्ट्या सुटताहेत. त्यावर मी स्वतः पैसे घालायला सांगत नाही. दुरुस्ती झाली तरी टिकत नाही. आणि कृपा करून मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही वेळ राहतो.

तोवर आजच एक करा: मेनूत जाऊन बॅकलाइट शंभरावर असेल तर साठाच्या आसपास आणा. ‘ब्राइटनेस’ नव्हे, ‘बॅकलाइट’. पहिल्यानं काळा रंग बिघडतो, दुसऱ्यानं दिव्यांची उष्णता कमी होते. पट्ट्या जळलेले जे टीव्ही मी बघितले, त्यांतल्या बहुतेकांवर पहिल्या दिवसापासून हे माप पूर्ण चढवलेलं होतं. अॅप चालेनाशी झाली म्हणून टीव्ही बदलू नका, त्यासाठी बाहेरून लावायची छोटी स्टिक पुरते. टीव्हीतला संगणक चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, पडदा त्याच्या दुप्पट जगतो.

तुमच्या घरासाठी मी काय घेईन? एकट्या रात्रीच्या सिनेमांचा प्रश्न असता तर डोळे मिटून ओएलईडी म्हटलं असतं. अंधाऱ्या खोलीत त्याच्या काळ्याला तोड नाही. पण तुमच्याकडे दिवसभर बातम्या चालतात. वाहिनीचं चिन्ह, खालची पट्टी, लाल चौकट, सगळं रोज दहा-दहा तास त्याच जागी. सेंद्रिय पिक्सेल जितका वापरला जातो तितका झिजतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्या जागी सावली उमटू शकते. पडदा स्वतःची काळजी घ्यायला चित्र थोडंसं सरकवतो, चिन्ह मंद करतो, तरी असा वापर त्याच्यासाठी वाईटच. शिवाय दिवसा खोलीत उजेड असणार. म्हणून तुमच्यासाठी मिनी एलईडीचा (मागे बारीक-बारीक भरपूर दिवे असलेला), भरपूर भागांत मंद होणारा एलसीडी, ५५ किंवा जागा असेल तर ६५ इंची. आई बाजूच्या खुर्चीवरून बघत असेल तर दुकानात त्याच कोनातून उभं राहून बघा. समोरून गडद काळा दाखवणारे बरेच एलसीडी बाजूनं फिके पडतात.

दुकानातली चित्रफीत बघून ठरवू नका. ती रंगीत मासे आणि फुलांची असते. त्यात कुठलाही टीव्ही छान दिसतो. पेन ड्राइव्हवर एखादा अंधारा प्रसंग, हळू सरकणारी नामावली आणि एक सपाट गडद राखाडी चित्र न्या. अंधाऱ्या प्रसंगात वलयं दिसतील, नामावलीत अक्षरांच्या कडा, राखाडीत पट्टे आणि डाग. आणि ‘व्हिव्हिड’ हा भडक रंगांचा मोड बंद करायला सांगा. सिनेमाचा किंवा फिल्ममेकर मोड लावल्यावर पहिली पाच मिनिटं चित्र पिवळट वाटेल. डोळा सरावला की तेच खरं वाटू लागतं. कडा कृत्रिमपणे धारदार करणारी ‘शार्पनेस’ची पट्टी जवळजवळ शून्यावर ठेवा.

खरेदीच्या वेळेबद्दल एवढंच: नवे संच जानेवारीत जाहीर होतात आणि पुढच्या काही महिन्यांत दुकानांत पोचतात. त्याच काळात मागच्या वर्षीचे वरच्या दर्जाचे संच उतरत्या किमतीत निघतात. मागच्या वर्षीचा वरचा आणि या वर्षीचा मधला यांत मी जवळपास नेहमी मागच्या वर्षीचा वरचा निवडतो. बॅकलाइटचे भाग जास्त असतात आणि उजेडही. एचडीएमआय २.१ ची किमान एक जोडणी असावी, गेम खेळणारं कुणी असेल तर दोन. २०२५ मध्ये आलेल्या २.२ साठी थांबायचं काही कारण नाही. ४के चित्राला एवढ्या क्षमतेची गरज नसते.

कोपऱ्यातला काळोख पांढऱ्या चित्रावर मोजून बघा, मोबाइलनं फोटो काढून तारीख टाकून ठेवा आणि महिन्यानं त्याच अंधारात पुन्हा काढा. तेवढाच राहिला असेल तर बॅकलाइट उतरवून, मागच्या वर्षीचे संच स्वस्तात निघायच्या वेळेपर्यंत निवांत चालवा. पसरला असेल, किंवा आईला खालची पट्टी वाचायला त्रास होतोय असं एकदा जरी जाणवलं, तर त्या आठवड्यात जा आणि घेऊन या.